मुंबईत ‘रिमॅप’ झालेली गाडी गावात येते तेव्हा : प्रदूषणाचे नियम, इंजिनातले बदल आणि पुढच्या मालकाची जबाबदारी

मुंबई : एमएच-०१ पासिंगची जुनी गाडी गावाकडे येणं काही नवीन नाही. गिरगाव, दादर, परळ, लालबागमध्ये राहणारा चाकरमानी नवी गाडी घेतो आणि जुनी गावातल्या भावाला, पुतण्याला किंवा ओळखीच्या माणसाला देतो. व्यवहार विश्वासावर होतो. आरसी, इन्शुरन्स आणि पीयूसी पाहिलं की गाडी पसंत. अलीकडे मात्र विकणारा एक गोष्ट कौतुकानं सांगतो, “पॉवर वाढवलेली आहे, रिमॅप केलंय.” घेणाऱ्यालाही ते बरं वाटतं. घाटात गाडी दमणार नाही, मग वाईट काय?

वाईट असेलच असं नाही. पण पॉवर वाढवताना गाडीतून काय काढलं, हे विचारायलाच हवं. गेल्या २५ वर्षांत प्रदूषणाचे नियम असे बदलले, की गाडीची ताकद आणि गाडीचा धूर या दोन्ही गोष्टी एकाच कॉम्प्युटरच्या ताब्यात गेल्या. एकाला हात लावला की दुसरी हलते. आणि कायदा विचारतो ते आजच्या मालकाला. काम कोणी केलं, कधी केलं, ही चौकशी नंतरची.

जेटपासून लॅपटॉपपर्यंत

मुंबईत गाडीचं सामान म्हटलं की जुन्या माणसांना ऑपेरा हाऊस आठवतं. गिरगावच्या टोकाला असलेल्या या भागातली स्पेअर पार्टची दुकानं कित्येक दशकं मेकॅनिकांच्या पायाखालची. कार्बोरेटरच्या काळात ‘गाडी बनवणं’ म्हणजे हाताचं काम होतं. मोठा जेट टाकायचा, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं, पोर्ट पॉलिश करायचे, टायमिंग थोडं पुढे घ्यायचं आणि मागे फ्री-फ्लो सायलेन्सर लावायचा. प्रीमियर पद्मिनीवर, नंतर मारुती ८०० आणि एस्टीमवर हेच प्रयोग चालायचे. धूर वाढला तर वाढला, विचारणारं फारसं कोणी नव्हतं.

ते दिवस एका रात्रीत संपले नाहीत. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिसंविरहित पेट्रोल आलं. शिशानं कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र आणणं भाग होतं. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोलच मिळू लागलं.

मुंबईत याच सुमारास कोर्टाचं प्रकरण घडलं. १९९९ मध्ये ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या नागरिकांच्या गटानं मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाच्या आदेशांमुळे जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींना सीएनजीवर यावं लागलं. प्रदूषणासाठी इंजिनात बदल करण्याची एवढी मोठी मोहीम या शहरानं आधी पाहिली नव्हती. लक्षात घेण्यासारखं म्हणजे ती उघडपणे, किट लावून, आरसीवर नोंद करून झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

एकाच राज्यात दोन नियम

आज ज्याला बीएस म्हणजे भारत स्टेज म्हणतात, ते निकष मुंबईत आधी आणि तालुक्यात नंतर आले. बीएस-३ मुंबई-पुण्यासह मोठ्या शहरांत एप्रिल २००५ पासून, उर्वरित देशात २०१० पासून. बीएस-४ एप्रिल २०१० पासून फक्त १३ शहरांत, त्यात मुंबई-पुण्यासोबत सोलापूरही होतं. संपूर्ण देशात ते एप्रिल २०१७ मध्ये लागू झालं. म्हणजे मधली सात वर्षं एकाच मॉडेलची नवी गाडी दादरला बीएस-४ आणि कोकणातल्या तालुक्याला बीएस-३ अशी विकली जाऊ शकत होती. इंधनही वेगळं. बीएस-४ डिझेलमध्ये गंधक ५० पीपीएम, बीएस-३ मध्ये ३५०. मुंबईची गाडी गावी नेऊन तिथल्या पंपावर डिझेल भरलं की ते गंधक तिच्या कन्व्हर्टरला सोसावं लागे.

बीएस-५ सरकारनं गाळलं आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ सगळ्या देशाला एकदमच लागू केलं. त्या तारखेनंतर बीएस-४ गाडी विकायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१८ मध्येच बजावलं होतं. डिझेल कारसाठी ही उडी मोठी होती. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आली आणि काजळीची २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर. एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा आला. त्यात प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या रस्त्यावर चालवूनही धूर मोजायचा असतो.

पॉवर वाढवणाऱ्यांना सर्वांत मोठा फटका बसला तो इथे, आणि तोही कुणावर कारवाई न होता. फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल हे इंजिन स्विफ्टमध्ये ७५ हॉर्सपॉवरचं, तर लिनियासारख्या गाड्यांत वेगळ्या टर्बोसह ९० चं होतं. त्यामुळे ‘यात अजून जीव आहे’ हे गॅरेजवाल्यांना माहीत होतं आणि रिमॅपसाठी ते लाडकं झालं. बीएस-६ साठी लहान डिझेल इंजिनावर होणारा खर्च परवडणार नाही म्हणून मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं. फोक्सवॅगन-स्कोडानंही तेव्हा भारतात डिझेल सोडलं, त्यात पोलो जीटी टीडीआय गेली. रिमॅप करणाऱ्यांचा कच्चा मालच आटला. आज सेकंडहँड बाजारात फिरतात त्या बहुतेक याच २०२० पूर्वीच्या गाड्या. म्हणून खरेदीदारानं जास्त सावध राहायचं ते याच गाड्यांबाबत.

रिमॅपमध्ये नेमकं होतं काय

इंजिनाच्या कॉम्प्युटरला ईसीयू म्हणतात. किती हवा आली, तर किती इंधन कधी फवारायचं, टर्बोचा दाब किती ठेवायचा, याची कोष्टकं त्यात भरलेली असतात. ही कोष्टकं बदलणं म्हणजे रिमॅप. स्वस्तातला प्रकार म्हणजे ‘ट्यूनिंग बॉक्स’. तो ईसीयूला हात लावत नाही, सेन्सरचा सिग्नल बदलून ईसीयूलाच फसवतो. इंधनाचा दाब कमी आहे असं त्याला भासतं आणि तो दाब वाढवतो. टर्बो डिझेलमध्ये अशा कामानं २० ते ३० टक्के ताकद वाढू शकते. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत फरक किरकोळच, तिथे रिमॅपचे पैसे बहुतेक वाया जातात.

कंपनी एवढी ताकद आधीच का देत नाही, असा प्रश्न पडतो. एक कारण टिकाऊपणाचं, दुसरं धुराचं. पेट्रोल गाडीतला कन्व्हर्टर नीट काम करतो तो हवा आणि पेट्रोलचं प्रमाण अगदी नेमकं असेल तेव्हा, म्हणजे मेकॅनिकांच्या भाषेत लॅम्डा १ असताना. जास्त ताकदीसाठी मिश्रण श्रीमंत केलं, म्हणजे पेट्रोल जास्त सोडलं, की कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि कन्व्हर्टरचं काम बिघडतं. डिझेलमध्ये जास्त इंधन टाकलं आणि हवा तेवढीच राहिली, तर काळा धूर. घाटात पुढे जाणाऱ्या गाडीनं मागे काळा ढग सोडला, की पॉवरफुल गाडी म्हणून कौतुक होतं. प्रत्यक्षात तो न जळलेल्या डिझेलचा, म्हणजे मालकाच्याच पैशाचा ढग असतो.

नुसत्या आकड्यांच्या बदलावर काम थांबलं तर ते निदान परत फिरवता येतं. खरी गोची होते ती ईजीआर आणि डीपीएफ काढल्यावर. ईजीआर हा व्हॉल्व्ह धुराचा काही भाग परत इंजिनात सोडतो. त्यानं आतलं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी होतो. पण त्याच्या काजळीनं इनटेक तुंबतो, म्हणून गॅरेजमध्ये पत्र्याचा तुकडा लावून तो ‘ब्लँक’ करतात. डीपीएफ म्हणजे बीएस-६ डिझेलच्या एक्झॉस्टमधली काजळी पकडणारी गाळणी. ती भरली की गाडी स्वतःच तापमान साधारण ५५० ते ६०० अंशांवर नेऊन काजळी जाळते. त्यासाठी सलग १५-२० मिनिटं बऱ्या वेगानं चालणं लागतं.

आणि मध्य मुंबईत नेमकं तेच मिळत नाही. ठाकूरद्वारहून निघालेली गाडी दादरपर्यंत सिग्नल, बस आणि हातगाड्यांतून पोचते. मधेच बंद होते, पुन्हा सुरू होते. जळण्याची क्रिया अर्धवट राहते, गाळणी तुंबते, दिवा लागतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं बिल ऐकून माणूस ओळखीच्या गॅरेजकडे वळतो आणि तिथे सोपा उपाय सांगितला जातो. गाळणी कापून आत पोकळ पाइप वेल्ड करायचा, सॉफ्टवेअरमधून तिचा हिशेब पुसून टाकायचा आणि सोबत थोडी पॉवरही वाढवून द्यायची. खरं तर अशा गाडीला आठवड्यातून एकदा ईस्टर्न फ्रीवेवरून किंवा एक्स्प्रेसवेवरून मोठी चक्कर मारली असती तरी बहुतेक वेळा भागलं असतं. गावाकडे हायवेला रोज चालणाऱ्या डिझेल गाडीला हा त्रास फार कमी होतो. म्हणजे मुंबईच्या ट्रॅफिकमुळे काढलेली गाळणी गावात नीट चालली असती, पण तोवर ती भंगारात गेलेली असते.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ सांगतं, की निर्मात्यानं मूळ दिलेल्या आणि आरसीवर नोंद असलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे मांडलं. नव्या आरसीवर ‘उत्सर्जन निकष’ असा रकाना असतो. तिथे भारत स्टेज ६ लिहिलेलं आणि खाली डीपीएफच नाही, तर ती गाडी कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरी.

२०१९ च्या दुरुस्तीनं शिक्षा वाढल्या. कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेले बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच कलमात विक्रेते आणि निर्मात्यांसाठी लाखाच्या घरातला दंड आहे. कलम १९०(२) हवा आणि आवाज या दोन्हींच्या प्रदूषणाबद्दल आहे. पहिल्या गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्सवर गंडांतर.

मग इंजिनात कोणताच बदल चालत नाही का? चालतो, आणि उदाहरण गावोगावी आहे. सीएनजी किट. ते किट मंजुरीप्राप्त लागतं, अधिकृत ठिकाणी बसवावं लागतं, आरसीवर इंधनाची नोंद बदलावी लागते आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते. बीएस-६ पेट्रोल गाड्यांनाही ऑगस्ट २०२२ पासून केंद्रानं ही वाट मोकळी केली. पॉवर वाढवणाऱ्या रिमॅपला मात्र अशी वाट नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये एखादा पार्ट धूर वाढवत नाही असं सिद्ध झालं तर त्याला क्रमांक मिळतो आणि तो कायदेशीर ठरतो. असं काम आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयसारखी संस्था करू शकेल, यंत्रं आणि माणसं तिच्याकडे आहेत. पण सामान्य मालकाला आपली रिमॅप केलेली गाडी नेऊन शिक्का घ्यायची सोय नाही. त्यामुळे नीट, धूर न वाढवता काम करणारा ट्यूनर आणि गाळणी कापणारा गॅरेजवाला कायद्याच्या नजरेत एकाच रांगेत उभे राहतात. यात पहिल्यावर अन्यायच होतो.

पीयूसी आहे म्हणजे सगळं ठीक?

नाही. बहुतेक लोक फसतात ते इथेच. पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. बीएस-४ कारला मर्यादा अनुक्रमे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. डिझेलला अॅक्सिलरेटर दाबून धुराची घनता पाहतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. ईसीयूला स्कॅनर लावत नाहीत. रिमॅपचा खरा परिणाम दिसतो तो गाडी ओढत असताना, घाटात, ओव्हरटेकला. पीयूसीच्या वेळी ती जागेवर उभी असते. ईजीआर ब्लँक केलेली डिझेल गाडी तर कधी कधी धुराच्या परीक्षेत आधीपेक्षा बरी ठरते, कारण काजळी कमी होते आणि जे वाढतं ते कोणी मोजत नाही.

सॉफ्टवेअर किती फसवू शकतं हे जगानं २०१५ मध्ये फोक्सवॅगन प्रकरणात पाहिलं. भारतात एआरएआयच्या चाचण्यांनंतर त्या कंपनी-समूहानं सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी बोलवायचं जाहीर केलं. राष्ट्रीय हरित लवादानं मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड लावला, त्याच्या वसुलीला पुढे सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. त्याआधी २०१३ मध्ये जनरल मोटर्सला १ लाख १४ हजार टवेरा परत बोलवाव्या लागल्या होत्या, तिथेही उत्सर्जन चाचणीतच गडबड होती. वडाप म्हणून टवेरा चालवलेल्यांना हे आठवत असेल.

आवाज मात्र लगेच पकडला जातो. मार्च २०२४ मध्ये कोस्टल रोडचा वरळी ते मरीन ड्राइव्ह टप्पा खुला झाला. वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटरची, पण रात्री बदललेल्या सायलेन्सरच्या गाड्यांचा आवाज ऐकू येतो म्हणून ब्रीच कँडी, वरळीच्या रहिवाशांनी तक्रारी केल्या. पोलिसांची कारवाई बहुतेक सायलेन्सरवर होते, कारण तो दिसतो आणि ऐकू येतो. ईसीयूतली फाईल रस्त्यावर कोणाला दिसणार?

गावात गाडी आली, आता पुढे

पहिला धक्का इन्शुरन्सचा. कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या लक्षात आला, तर क्लेम अडकू किंवा नाकारला जाऊ शकतो. वॉरंटी शिल्लक असेल तर तीही जाते. काही युरोपीय गाड्यांच्या सर्व्हिस यंत्रणेत ईसीयूत ढवळाढवळ झाल्याचा शेरा कायमचा राहतो, मूळ फाईल परत टाकली तरी.

दुसरा मुद्दा पेट्रोलचा. मुंबई-पुण्यात १०० ऑक्टेनचं महाग पेट्रोल मिळतं, आणि काही गाड्यांचा मॅप तेच गृहीत धरून बसवलेला असतो. ते तालुक्याच्या पंपावर सहसा मिळत नाही. साध्या पेट्रोलवर अशी गाडी चढाला नॉकिंग करते, म्हणजे ‘टकटक’ वाजते. दुर्लक्ष केलं तर पिस्टनपर्यंत नुकसान जातं.

व्यवहाराआधी काही गोष्टी पाहिल्या तर बराच अंदाज येतो. चावी ऑन केल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागून गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही, तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर ते जवळजवळ स्वच्छ राहायला हवं, काळं झालं तर गाळणी आहे की नाही याची शंका घ्यावी. गाडी लिफ्टवर घेऊन कन्व्हर्टर आणि डीपीएफच्या डब्यावर नवीन वेल्डिंग आहे का ते पाहावं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर पैसे भरून ईसीयू तपासून घ्यावा आणि मूळ सॉफ्टवेअरच आहे का ते विचारावं. तालुक्याच्या मेकॅनिककडचा साधा स्कॅनर जुने एरर दाखवतो, पण पुसलेलं काही दाखवू शकत नाही.

इको गाडी घेणाऱ्यांनी एक वेगळी गोष्ट तपासावी. राज्यात अनेक ठिकाणी इकोचे सायलेन्सर चोरीला गेले, कारण आतल्या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसारखे महाग धातू असतात. चोरीनंतर मालकानं बाजारातला पोकळ सायलेन्सर बसवलेला असेल, तर त्या गाडीत कोणी पॉवर वाढवली नसली तरी ती नियमाबाहेरच आहे.

गाडी आधीच घेतली असेल आणि रिमॅप निघाला, तर घाबरून जायचं कारण नाही. काम करून दिलेल्या गॅरेजकडे सहसा मूळ फाईल जपलेली असते, ती विकणाऱ्याकडून मागून घ्यावी. नाहीतर सर्व्हिस सेंटरवर मूळ सॉफ्टवेअर पुन्हा टाकून मिळू शकतं. ईजीआरचा पत्रा काढून व्हॉल्व्ह साफ करून बसवणं स्थानिक मेकॅनिकलाही जमतं, मात्र नुसता पत्रा काढून सॉफ्टवेअर तसंच ठेवलं तर उपयोग नाही, दोन्ही एकत्र करावं लागतं. कापलेला डीपीएफ मात्र नवाच घ्यावा लागतो आणि तो महाग असतो. त्याची किंमत सर्व्हिस सेंटरवर विचारून, ती गाडीच्या ठरलेल्या किमतीतून वजा करूनच मुंबईच्या माणसाशी पुढचं बोलावं.